‘मारलं’ म्हणजे नक्की काय? कलम ११ आणि कलम ३२५ यांचा घोळ

प्राण्यावरच्या अत्याचाराची बातमी आली की प्रतिक्रिया ठरलेली: “काय उपयोग, पन्नास रुपये भरून सुटणार.” कुत्र्याला भिंतीवर आपटून ठार केलेलं असो की टांग्याच्या घोड्याला चाबकाने फोडून काढलेलं असो, पन्नास रुपये तेच. दुसऱ्या प्रकरणात हे बरोबर आहे. पहिल्यात साफ चूक.

पन्नास रुपयांचं कलम सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११: मारहाण, जादा ओझं, उपाशी ठेवणं, सतत बांधून ठेवणं, पाळून वाऱ्यावर सोडणं. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दुसरं कलम भारतीय न्याय संहितेतलं, ३२५. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधीच्या घटनांना भादंविची (जुन्या भारतीय दंड संहितेची) ४२८ आणि ४२९ ही कलमं लागतात. त्यांत प्राण्याची किंमत बघावी लागे: ४२८ साठी किमान १० रुपये, आणि ४२९ मध्ये गाय, बैल, म्हैस, घोडा, उंट, हत्ती वगैरे सोडून बाकीच्यांसाठी किमान ५०. आता ‘कोणताही प्राणी’ एवढंच आहे. अजूनही “न्याय संहिता कलम ४२८” असे मेसेज फिरतात. संहितेत मुळात कलमंच ३५८ आहेत.

खरी गफलत मात्र आकड्यांत नाही, ‘मारलं’ या शब्दात आहे. मराठीत फटके दिले तरी ‘मारलं’ आणि जीव घेतला तरी ‘मारलं’. कायद्याच्या दृष्टीने या दोन टोकांच्या गोष्टी आहेत. कलम ३२५ मध्ये कृत्यं फक्त चार: ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं, निकामी करणं. त्यात वेदनेचा उल्लेखच नाही. कारण हे कलम मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात बसवलंय, ‘आगळीक’ या सदरात. म्हणजे एखाद्याची गाडी फोडणं आणि त्याचा बैल लुळा करणं हे कायद्याच्या लेखी एकाच घराण्यातले. प्रश्न ‘नुकसान काय झालं’ हा आहे, ‘जनावराला किती दुखलं’ हा नाही. दुखण्याचा विचार करतं ते कलम ११, आणि त्याच्याच हातात पन्नास रुपये. मालकाने स्वतःच्याच बैलाला रोज पराणी टोचली तर ३२५ बसवताना वकिलाला घाम फुटतो, कारण नुकसान इतर कोणाचं तरी किंवा जनतेचं करण्याचा हेतू, किंवा तशी जाणीव, दाखवावी लागते. भटक्या कुत्र्याच्या खटल्यात बचाव पक्ष हाच मुद्दा उकरतो: नुकसान कोणाचं?

म्हणून तक्रारीत नुसतं ‘मारलं’ लिहू नका. मेला असेल तर ‘ठार मारलं’. जगला असेल तर कोणता अवयव, कशाने, आणि आता तो चालतो का. ‘अपंग’ म्हणजे कायमची इजा. नुसत्या वळांवर ३२५ टिकत नाही. पशुवैद्यकाच्या दाखल्यात “पाय मोडला” एवढ्यावर भागत नाही, “पायाचा वापर पूर्ववत होण्याची शक्यता नाही” असं असेल तरच कलमाला आधार मिळतो. विष घालणं ठार मारण्यापासून वेगळं लिहिलंय, त्यामुळे प्राणी वाचला तरी तक्रार करावी. मेला असेल तर भावनेच्या भरात पुरून टाकू नका. बर्फात ठेवून लवकरात लवकर शवविच्छेदन करून घ्या. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मलीनमध्ये घातला की विषाच्या तपासणीचं वाटोळं झालं.

दखलपात्र-अदखलपात्रचा फरकही इथेच येतो. ३२५ दखलपात्र, म्हणजे एफआयआर. कलम ११ मधलं बहुतेक सगळं अदखलपात्र: एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. क्रूरपणे ठार मारणं किंवा अवयव तोडणं, झुंजी भरवणं असे मोजके अपवाद आहेत. मारहाण त्यात नाही. घटनेत दोन्ही असेल तर दोन्ही कलमं लिहायला सांगा. एक दखलपात्र असलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७४(४) प्रमाणे सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. हे ठाण्यात शांतपणे सांगावं, ओरडून नव्हे. आणि आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटला म्हणून पोलिसांना शिव्या घालू नका. ३२५ जामीनपात्रच आहे.

कायदा कडक करा म्हणणाऱ्यांची सगळी भिस्त दंडाच्या रकमेवर असते. जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवरच्या २०१४ च्या नागराजा निकालात सर्वोच्च न्यायालयानेही कलम ११ ची शिक्षा पुरेशी हवी असं म्हटलं, आणि २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतींसाठी २०१७ मध्ये याच कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. त्यात अटी मोडल्या तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. म्हणजे कायदा तोच, शर्यतीचे नियम मोडले तर लाख, आणि बैलाला गोठ्यात झोडपलं तर पन्नास. तरीही एकच दुरुस्ती निवडायची झाली तर आधी मारहाण दखलपात्र करावी, दंड नंतर वाढवावा. तपासच झाला नाही तर पन्नास हजारांचा दंड तरी कोणाकडून घेणार?

आणि मुदत. १९६० च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून ३ महिन्यांत उभा राहावा लागतो, कलम ३६. एनसीची पोच घरात ठेवून वाट बघण्यात ते महिने निघून जातात. ती हातात पडली की त्याच आठवड्यात दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करा. ३२५ ला मुदतीची अशी अट नाही.