‘नाजूक’ लिहिल्याने चकली वाचत नाही
दिवाळीचा फराळ परदेशी धाडताना खोक्यावर लाल अक्षरांत ‘नाजूक वस्तू’ लिहिले की तो जपून हाताळला जातो, ही समजूत घरोघरी पक्की आहे. पण ती बरोबर नाही. वाटेत खोके सरकत्या पट्ट्यांवरून आणि इतर खोक्यांच्या ढिगाखालून जाते, आणि पट्ट्याला वाचता येत नाही. खरा घात करते ती आतली मोकळी जागा: खोके आपटून थांबते, पण लोणच्याची बरणी पुढे सरकत राहते आणि भिंतीवर आदळून एका क्षणात थांबते. हे थांबणे लांबवणे हेच मोकळ्या जागेत कोंबलेल्या भरावाचे काम असल्यामुळे तो दाबला जाऊन पुन्हा फुगणारा हवा. वर्तमानपत्राचे सैल बोळे वाटेतच चपटे होतात. वापरायचेच तर घट्ट कोंबावेत. बरणीभोवती सर्व बाजूंनी, तळाशीसुद्धा, सुमारे ५ सेंटिमीटर भराव असावा. गोल डब्यात चकल्या नीट रचल्या तरी काठाशी आणि झाकणाखाली फट उरते (झाकणाखालची हमखास विसरली जाते). तिथे बटर पेपर दुमडून दाबावा. चिकटपट्टी लावण्यापूर्वी खोके मिटून हलवावे. आत खुळखुळले, तर भराव कमी पडला आहे.