चक्र उठलं तरच लाइम?

कोथरूडमधल्या कुणाचा मुलगा बोस्टनला निघाला, की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच जुना सल्ला फिरतो: ‘गोचीड चावली आणि नेमबाजीच्या चक्रासारखी वर्तुळं उठली, तरच लाइम.’ चूक. लाइम हा गोचीड चावल्याने होणारा आजार; अमेरिकेत तो मुख्यतः बोरेलिया बर्गडॉर्फेरी या जिवाणूमुळे होतो. त्याचा चट्टा झपाट्याने पसरतो, अनेकदा सगळीकडे सारखाच लाल राहतो. सोबत ताप, अंगदुखी. मध्यभाग फिका पडून नुसती कडी उरते, ती जास्त करून युरोपातल्या बोरेलिया अफझेलीमुळे, तीही सावकाश. (सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतही नाही, हे ग्रुपवर कोण सांगणार?) चावल्याचावल्या उठून दोन दिवसांत जिरते ती साधी गांध. लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांनी येतो, बहुधा ५ सेंटीमीटरच्या पुढे वाढतो. काहींना तर उठतच नाही.