स्पर्धेचा तक्ता करायला देण्याआधी

बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टसाठी, नव्या भागीदाराला दाखवायला किंवा एमबीएच्या प्रकल्पासाठी अनेक जण आमच्याकडून स्पर्धेचा तक्ता करून घेतात. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या, धंद्यातल्या नफ्यावर दाब आणणाऱ्या पाच शक्ती तुम्हाला ठाऊक असतातच. मधल्या चौकटीत धंद्यातली आपसातली चुरस, आणि तिच्याकडे येणारे चार बाण: पुरवठादार, गिऱ्हाईक, नवे येणारे, पर्याय. काम अडतं ते या शेवटच्या चौकटीत.

समजा, इंदूरच्या सांवेर रोडला तुमचा शेवेचा कारखाना आहे. आमच्याकडे येणाऱ्या यादीत ‘पर्याय’ म्हणून इंदूरच्याच दुसऱ्या शेववाल्यांची नावं असतात. ते प्रतिस्पर्धी, त्यांची जागा मध्ये. पर्याय म्हणजे शेव न घेता गिऱ्हाईक त्याच वेळी जे खाईल ते: वेफर्स, बिस्किटं, कोपऱ्यावरची गरम कचोरी.

आता वेफर्स नक्की पर्याय की प्रतिस्पर्धी? ते तुम्ही बाजाराची हद्द कुठे आखता त्यावर आहे. ‘शेव’ म्हटलं तर वेफर्स बाहेर राहतात. ‘पाकीटबंद खारा माल’ म्हटलं की ते मध्ये येऊन बसतात, आणि मग देशभर माल पाठवणाऱ्या कंपन्यांशी तुमची गाठ पडते. हद्द हलली की पाचही चौकटी नव्याने भराव्या लागतात. छपाईच्या आदल्या संध्याकाळी “अहो, वेफर्सपण आपल्यातच धरा ना” असा फोन आला की आमचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पहिल्याच बैठकीत आम्ही एक ओळ लिहून त्यावर सही घेतो: कोणता माल, कोणत्या भागात, कोणाला. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. वाटू द्या.

बाणांना आम्ही रंग नाही, जाडी देतो. बँकेत फाइलची झेरॉक्स निघते आणि लाल-हिरवं दोन्ही राखाडी होतं. बाण जितका जाड, तितका या धंद्यातल्या नफ्यावर दाब जास्त. “तेल महागलंय, पुरवठादाराचा बाण जाड करा,” असं हमखास सांगितलं जातं. पण भाव चढणं म्हणजे पुरवठादाराची ताकद नव्हे. सियागंजच्या घाऊक बाजारात एकाने जास्त सांगितलं तर दुसऱ्याकडून डबे उचलता येतात ना? मग बाण बारीकच. बाण जाड की बारीक, याचं कारण आम्ही त्याच्याखाली दोन ओळींत लिहितो, म्हणजे बँकेच्या साहेबांनी विचारलं तर तुम्हाला उत्तर देता येतं.

जीएसटी किंवा आयात शुल्कासाठी सहावी चौकट मागू नका. सरकारचा परिणाम या पाचांतूनच दिसतो, पोर्टर यांचंही म्हणणं तेच.

रडार आलेख, म्हणजे पाच शक्तींचे गुण पाच टोकांवर मांडून ती जोडणारी आकृती, हवा असेल तर करून देतो, पण आमचा सल्ला ‘नको’ असाच. सगळे गुण दुप्पट केले तर आकृतीचं क्षेत्रफळ चौपट होतं, आणि टोकांचा क्रम बदलला तरी ते बदलतं. दिसायला मात्र झकास.

येताना खरेदीची बिलं आणि मोठ्या गिऱ्हाइकांची यादी आणा. तक्ता मराठीत समजून घ्या, बँकेसाठी हिंदी किंवा इंग्रजीत छापून देऊ. एक दुरुस्ती दरातच धरली आहे. हद्दीची ओळ बदलली तर ते नवं काम. मूळ फाइल आम्ही जपून ठेवतो, पुढच्या वर्षी आकडे ताजे करून घ्यायचे असतील तर अर्ध्या दरात होईल.