कावळा बसला की फांदी पोखरलेली होती? फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं आणि निमित्तं

नववीच्या वर्गात विचारा, फ्रेंच राज्यक्रांती का झाली? पहिलं उत्तर हमखास येतं, "बॅस्टिलचा तुरुंग पाडला म्हणून." पाठोपाठ कुणीतरी राणीचं 'पाव नसेल तर केक खा' काढतं. ती राणी, मारी आंत्वानेत, तसं म्हणाल्याचा काहीही पुरावा नाही. विचारवंत रूसोने ही केकची गोष्ट लिहिली तेव्हा ती व्हिएन्नात दहा-एक वर्षांची पोर होती. पण मुलांच्या उत्तरांतला खरा घोटाळा वेगळाच आहे. निमित्त आणि कारण ही दोन्ही त्यांच्या लेखी एकच असतात.

यात थोडी चूक आपल्या गाइडांचीही आहे. ती निमित्ताला 'तात्कालिक कारण' म्हणतात. नावातच 'कारण' असल्यावर मुलं तरी काय करणार! मग ती तारखेवरून ठरवतात: आधी घडलं ते कारण, अगदी शेवटी घडलं ते तात्कालिक. मी त्यांना आपली म्हण आठवून देतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. फांदी मोडताना कावळा सगळ्यांना दिसतो. ती आतून कशाने पोखरली होती, ते मात्र चढून पाहावं लागतं.

हे फळ्यावर सांगून भागत नाही, म्हणून मी गट पाडतो. पाच जणांचा गट आणि प्रत्येक गटाला दहा चिठ्ठ्या. 'अमेरिकेच्या युद्धाला मदत', 'मिठावरचा कर', '१७८८ ची गारपीट', 'एका वर्गाला एक मत', 'नेकरची हकालपट्टी', 'पावाचा भाव', 'बॅस्टिल' वगैरे. ढीग दोनच करायचे, कारण आणि निमित्त. चिठ्ठी वाचणाऱ्याने ती स्वतः ठेवायची नाही, नाहीतर गटातला एक हुशार सगळं उरकतो आणि बाकीचे शाई वाळायची वाट बघतात. आणि ठेवण्यापूर्वी एकच प्रश्न: ही चिठ्ठी काढून टाकली तर काय होईल?

नेकरची चिठ्ठी घ्या. लोकांचा लाडका अर्थमंत्री. ११ जुलै १७८९ ला राजाने त्याला काढलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, बातमी पॅरिसला पोचली आणि पॅले रोयालच्या बागेत कामीय देमुलॅं नावाचा तरुण वकील टेबलावर चढून लोकांना हत्यारं उचला म्हणाला. आता नेकरला काढलंच नसतं तर? मुलं थोडी घुटमळतात, मग कुणीतरी म्हणतं, "पण सर, सैन्य पॅरिसभोवती आधीच आणलं होतं. दुसरं काहीतरी झालंच असतं." बरोबर. त्याच्या जागी दुसरं काही चाललं असतं, म्हणून ते निमित्त.

कर्जाची चिठ्ठी काढून बघा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीने तिजोरीचं कंबरडं मोडलं होतं. १७८८ पर्यंत उत्पन्नातला जवळपास निम्मा पैसा कर्ज फेडण्यातच जात होता. सरदार-उमरावांवर कर बसवायचा तर ते तयार नव्हते. म्हणून १६१४ नंतर एकदाही न भरलेली इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, उमराव आणि बाकीची रयत या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, ५ मे १७८९ ला व्हर्सायला बोलवावी लागली. कर्ज नसतं तर ही सभाच नसती. सभा नसती तर एका वर्गाला एक मत की एका माणसाला एक मत हा वादही त्या टोकाला गेला नसता. एक चिठ्ठी उचलली आणि मागच्या चार कोसळल्या. हे कारण.

इथे माझा आवडता खोडसाळ प्रश्न येतो. १७७५ मध्ये का नाही झाली? सोळावा लुई गादीवर येऊन वर्षच झालं होतं. त्याचा अर्थमंत्री तुर्गोने धान्याचा व्यापार मोकळा केला होता, पीक वाईट आलं, पावाचा भाव चढला आणि पॅरिसच्या आसपास दंगली उसळल्या. इतिहासात त्याला 'पिठाचं युद्ध' म्हणतात. राजा तोच, मिठावरचा कर तोच, तीन वर्ग तेच, भूकही तीच. सैन्य आलं आणि काही आठवड्यांत सगळं शांत! वर्ग गप्प होतो. मग तपशील जुळायला लागतात: तेव्हा सैनिक हुकूम पाळत होते, १७८९ च्या जुलैत राजधानीतल्या गार्ड पलटणीतलेच कित्येक जमावाला मिळाले. आणि १७८८ च्या ऑगस्टात तर तिजोरीने देणीच थांबवली होती. कावळा दोन्ही वेळा बसला, पण पहिल्या खेपेला फांदी तग धरून होती.

१८५७ चं उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण ते आधी दिलं की मुलं फ्रान्सचा विचारच करत नाहीत. काडतुसं कुठल्या ढिगात आणि बाजीरावांच्या मृत्यूनंतर नानासाहेबांचा बंद झालेला आठ लाखांचा तनखा कुठल्या, हे मग कुणाला सांगावं लागत नाही.

एका वर्षी एक गट पावाच्या चिठ्ठीवर अडला. १७८९ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव साडेचौदा सूला (सू म्हणजे तिथलं छोटं नाणं) गेला होता, आणि साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस-तीस सू. एक मुलगा म्हणाला, गारपीट झाली म्हणून भाव चढला, म्हणजे निमित्त. समोरची मुलगी ऐकेना. "चांगल्या वर्षीसुद्धा मजुरी अशी पावातच जात असेल तर ते कारण नाही का?" दोघंही बरोबर होते. १३ जुलै १७८८ च्या गारा हे निमित्त, आणि एका गारपिटीने उपाशी पडावं असं रोजचं जगणं हे कारण. तिने चिठ्ठी मधोमध फाडली आणि एकेक तुकडा एकेका ढिगात ठेवला.

"सर, मग बॅस्टिलची पण फाडू?"

ती नको, म्हटलं. त्या दिवशी सकाळी लोकांनी अॅंव्हालिद या जखमी-म्हाताऱ्या सैनिकांच्या आश्रमातून बंदुका आणल्या होत्या आणि बॅस्टिलकडे ते दारूगोळ्यासाठी गेले. आत कैदी होते फक्त सात. ती चिठ्ठी कुठल्याच ढिगात जात नाही, कारण ती तर क्रांतीच आहे.