बँकेच्या पॅनेलवर नोंदणी: ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या कंपन्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि तपासणी

महापे, रबाळे, वागळे इस्टेट या पट्ट्यात बँकांसाठी कॉल सेंटर, कागदपत्रांचे स्कॅनिंग, सॉफ्टवेअर देखभाल अशी कामे करू पाहणाऱ्या छोट्या कंपन्या बऱ्याच आहेत. पॅनेलचा, म्हणजे बँकेच्या मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीचा, अर्ज भरताना त्यांचा सगळा जीव दरपत्रकात अडकलेला असतो. बँक मात्र आधी जोखीम तपासते. काम बाहेर दिले तरी ग्राहकाला आणि रिझर्व्ह बँकेला उत्तर बँकेलाच द्यावे लागते. हे तत्त्व रिझर्व्ह बँकेच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचनांपासून आहे. आयटी सेवांसाठीचे स्वतंत्र निर्देश 10 एप्रिल 2023 ला निघाले आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून लागू झाले.

पात्रतेच्या आर्थिक अटी बँकेगणिक बदलतात, त्या निविदेतच वाचाव्यात. एक अट मात्र आधीच तपासा: आयटी सेवा देणाऱ्या कंपनीची मालकी किंवा नियंत्रण बँकेच्या संचालकाकडे, वरिष्ठ अधिकाऱ्याकडे किंवा त्यांच्या नातेवाइकांकडे नसावे. तसे नाते असेल तर ते पहिल्याच पत्रात कळवा.

कागदपत्रांत कंपनी नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, सहसा मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पीएफ आणि ईएसआयसीची नोंदणी व चलने लागतात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) जरूर जोडा. सरकारी बँकांच्या निविदांत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाणा रकमेत (निविदेसोबत भरायच्या अनामत रकमेत) सहसा सूट मिळते. आयटीचे काम असेल तर आयएसओ 27001 (माहिती सुरक्षेचे प्रमाणपत्र) आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरचा सुरक्षा तपासणी अहवाल मागितला जातो.

कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीत आपल्याकडे हमखास वेळ जातो. ऑफिस ऐरोलीत असले तरी अर्ज राहत्या पत्त्यावरून होतो. कळवा, डोंबिवली, भिवंडीची माणसे ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे, घणसोली-वाशीची नवी मुंबईकडे, मुलुंडची मुंबईकडे. निविदेची वाट न बघता हे काम आधीच सुरू करावे.

यानंतर बँकेची माणसे जागेवर येतात, आणि खरी परीक्षा तिथे होते. सायबर घटना तुमच्या लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत बँकेने ती रिझर्व्ह बँकेला कळवायची असते. म्हणजे रात्री दोनला सर्व्हर बिघडला तर कोण कोणाला फोन करणार, हे नावानिशी लिहिलेले हवे. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या सेवा पुरवठादारावर रॅन्समवेअर हल्ला (माहिती अडवून खंडणी मागणारा सायबर हल्ला) झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने त्या कंपनीला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरते तोडले आणि अनेक सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय बंद पडले. त्या ग्राहकांनी त्या कंपनीचे नावही ऐकलेले नसेल. बँका इतक्या खोलात का शिरतात, ते यावरून समजते.

बॅकअपची जागाही नीट निवडा. वागळेतल्या ऑफिसचा बॅकअप महाप्यात ठेवून भागत नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली होती. दुसरी प्रत दुसऱ्या शहरात, पण भारतातच ठेवा.

करारात बँकेला आणि रिझर्व्ह बँकेला तुमचे दप्तर तपासण्याचा हक्क असतो. तो काढून टाकण्याची घासाघीस करू नका. बँकेच्या संमतीशिवाय काम दुसऱ्या कंपनीकडे वळवता येत नाही. स्कॅनिंगचा गठ्ठा ओळखीच्या दुकानात पाठवणे हासुद्धा उपकंत्राटाचाच प्रकार आहे. करार संपल्यावर ग्राहकांची माहिती परत कशी द्यायची आणि आपल्याकडची प्रत कशी नष्ट करायची, याचे कलम वकिलाकडून वाचून घ्या.

पॅनेलवर आल्यानंतरही ठरावीक काळाने फेरतपासणी होते. पत्ता, संचालक किंवा भागीदारी बदलली तर त्या तपासणीची वाट न पाहता बँकेला लेखी कळवा आणि पोच फाइलला लावा.