एकवीस पायऱ्यांचा गोफ

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या फलकांवर, पॅथॉलॉजी लॅबच्या पाट्यांवर, २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनांत डीएनएचा दुपेडी गोफ हमखास दिसतो. त्याखाली पुष्कळदा ‘आपण सारे एक’ असंही लिहिलेलं असतं. या कल्पनेला भक्कम आधार आहे. ११ नोव्हेंबर १९९७ रोजी युनेस्कोने मानवी जीनोम आणि मानवी हक्कांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. जीनोम म्हणजे एका माणसाच्या पेशीतला सगळा डीएनए. सर्व माणसांच्या मूलभूत एकतेच्या मुळाशी हा जीनोम आहे आणि प्रतीकात्मक अर्थाने तो मानवजातीचा वारसा आहे, असं त्या जाहीरनाम्याचं पहिलंच कलम सांगतं. त्याच वाक्यात माणसांच्या वेगळेपणाचाही आदराने उल्लेख आहे.

म्हणून हे चिन्ह नीट काढलं पाहिजे. भिंतींवरचे पुष्कळ गोफ उलटे फिरलेले असतात. असा उलटा गोफ माणसाच्या पेशीत नेहमी असणाऱ्या डीएनएचा नसतोच.

नेहमीचा डीएनए उजव्या आट्याचा आहे. ओळखायची खूण सोपी. साधा स्क्रू उभा धरून समोरून बघा, आटे खालून डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसतात. गोफाचे समोरून दिसणारे पेडही तसेच चढले पाहिजेत. ते वर डावीकडे जात असतील तर चित्र चुकलं. आता गंमत अशी, की चित्र डोकं खाली पाय वर केलं तरी आटा उजवाच राहतो. आरशात पाहिल्यासारखं पालटलं, की मात्र तो डावा होतो. बहुतेक चुका इथेच होतात. पुठ्ठ्याचं स्टेन्सिल पालथं पडतं, किंवा फ्लेक्सवाला मजकुराला जागा करायला चित्र ‘फ्लिप’ करतो. टी-शर्टवर उष्णतेने छापायचं चित्र मुळात उलटं छापतात, ते कुणी आधीच उलटवलेलं असलं तर शर्टावर डावा गोफ उमटतो. छापायला देण्यापूर्वी स्क्रू शेजारी धरून बघावा. डाव्या आट्याचा डीएनए अस्तित्वात आहे, १९७९ मध्ये त्याची रचना उलगडली. पण पेशीतला बहुतांश डीएनए उजवाच असतो.

दुसरी चूक खाचांची. दोन पेडांमधल्या खाचा सारख्या नसतात. एक रुंद असते, एक अरुंद, साधारण २.२ आणि १.२ नॅनोमीटर. जनुकं चालू-बंद करणारी बरीचशी प्रथिनं रुंद खाचेतून डीएनएची अक्षरं, म्हणजे ए, टी, जी आणि सी हे त्याचे चार घटक, ओळखतात, त्यामुळे हा फरक सजावटीपुरता नाही. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात, डीएनएची रचना मांडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांच्या लेखासोबत आलेलं गोफाचं पहिलं चित्र ओडिल क्रिक या चित्रकर्तीने काढलं होतं. त्यामागे रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी १९५२ मध्ये घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्राचा मोठा आधार होता. प्रदर्शनाच्या तक्त्यावर वॉटसन-क्रिक यांच्याबरोबर फ्रँकलिन यांचं नाव असायलाच हवं.

आता खरा गोफ उभा करू. प्रमाण ठेवा १ नॅनोमीटरला १० सेंमी, म्हणजे खऱ्याच्या दहा कोटी पट. गोफाची रुंदी २ नॅनोमीटर, म्हणून प्रतिकृतीची २० सेंमी. पायरी म्हणजे दोन पेडांना जोडणारी अक्षरांची जोडी. दोन पायऱ्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर, म्हणून ३.४ सेंमी. एका फेऱ्यात साडेदहा पायऱ्या येतात, म्हणून प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा ३४ अंशांहून किंचित जास्त वळते. पायऱ्या २१ घ्यायच्या. म्हणजे जवळजवळ दोन फेरे होतात.

मधल्या खांबाला विजेच्या फिटिंगचा २५ मिमीचा पाइप, ८५ सेंमी लांब. पायऱ्यांना मोठ्या सायकलचे जुने स्पोक. एका स्पोकमधून साडेनऊ सेंमीचे तीन तुकडे निघतात, तुकडे लागतील ४२, म्हणजे १४ स्पोक. सायकल दुकानात ते रद्दीच्या भावात मिळतात. पेडांसाठी ठिबकची जुनी १२ मिमीची नळी, दीड-दीड मीटरचे दोन तुकडे. मराठवाड्यात शेताच्या बांधावर ही नळी पडलेली नसेल असं गाव शोधावं लागेल. काळी नळी उन्हातही बराच काळ टिकते, त्यामुळे गोफ शाळेच्या अंगणात ठेवता येतो.

छिद्रांच्या खुणा थेट पाइपवर करायला गेलात तर चुकाल. आलेखाच्या कागदाची ७८.५ मिमी रुंदीची पट्टी कापा. पाइपचा घेर तेवढाच आहे. पट्टीवर तळाला पहिली खूण करा. पुढची खूण ३४ मिमी वर आणि ७.५ मिमी उजवीकडे. अशा २१. उजवी कड ओलांडली की त्याच उंचीवर डाव्या कडेपासून पुढे मोजायचं. मग प्रत्येक खुणेच्या उजवीकडे, त्याच उंचीवर, २८ मिमीवर दुसरी खूण. ही दुसऱ्या पेडाची. २८ मिमी म्हणजे सुमारे १३० अंश. स्पोक थेट समोरासमोर, १८० अंशांवर लावले तर दोन्ही खाचा सारख्या होतात आणि गोफ पुन्हा भिंतीवरच्या चित्रासारखा खोटा दिसतो. १३० अंशांवर लावले की एक खाच साधारण १३ सेंमीची आणि दुसरी २३ सेंमीची आपोआप मिळते. सपाट भिंतीवर चित्र काढणाऱ्यांनीही हेच दोन आकडे आळीपाळीने वापरावेत.

पट्टी पाइपला चिकटवताना खुणांची बाजू बाहेर. खुणा आत गेल्या, की पारदर्शक कागदावर आटा उलटा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. छिद्रं २ मिमीच्या ड्रिलने पाडा. पाइप गुळगुळीत असल्याने ड्रिल घसरतं, आधी खिळ्याने टोचा पाडून घ्या. स्पोक सव्वा सेंमीपेक्षा जास्त आत घातला तर दोन्ही बाजूंचे तुकडे मध्यावर एकमेकांना अडतात, म्हणून एक सेंमी आत जाईल एवढी खूण स्पोकवरच करावी आणि एपॉक्सीने पक्का करावा. नळी बसवण्याआधी उकळतं पाणी थोडं निववून त्यात दोन मिनिटं बुडवा. थंड नळी एवढ्या वळणाला घडी घेते, आणि एकदा घडी पडली की ती जात नाही. पहिल्या पेडावर वर जाणारे बाण रंगवा, दुसऱ्यावर खाली येणारे. दोन्ही पेड विरुद्ध दिशांनी वाचले जातात, हे बाणांशिवाय कळत नाही.

आता २१ पायऱ्यांवर काय लिहायचं? मनाला येईल ती अक्षरं रंगवण्यापेक्षा खरी घ्यावीत. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या जनुकाचा मजकूर असा सुरू होतो: एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी. तीन-तीन अक्षरांचे सात शब्द, बरोबर २१ अक्षरं. पहिल्या पेडावर ती खालून वर लावा. समोर एला टी, टीला ए, जीला सी, सीला जी. ए आणि जी हे आकाराने मोठे, टी आणि सी लहान. प्रत्येक पायरीत एक मोठा एक लहान येतो, म्हणूनच गोफाची रुंदी सगळीकडे सारखी राहते. रंग देऊन झाले की मोजा: ए १०, टी १०, जी ११, सी ११ यायला हवेत. आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी जोडी चुकली आहे.

रंगांविषयी एक सूचना. भगवा, निळा, हिरवा हे रंग आपल्याकडे कोणाचे ना कोणाचे म्हणून वाचले जातात. माणसांचं सामाईक काय ते दाखवणाऱ्या चिन्हात कोणता रंग कुणाचा, ही चर्चा सुरू होऊ देऊ नये. पांढरा, तपकिरी, गुलाबी आणि काळा चालतील. लाल-हिरवी जोडी तर नकोच, काही मुलांना त्यातला फरक दिसत नाही.

या २१ अक्षरांत दोन जागा फार बोलक्या आहेत. नववं अक्षर काही लोकांत टी असतं, काहींत सी. सीएटी आणि सीएसी या दोन्ही शब्दांचा अर्थ पेशीला एकच, हिस्टिडीन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक. फरक आहे, पण प्रथिनात तो उतरतच नाही. विसावं अक्षर मात्र ए असतं. तिथे टी आलं, तर जीएजी ऐवजी जीटीजी होतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसतं आणि सिकल सेल या रक्ताच्या आजारातलं हिमोग्लोबिन तयार होतं. शब्द सातवा असला तरी पुस्तकात ही सहावी जागा म्हणून दिलेली असते, कारण पहिलं अमिनो आम्ल नंतर छाटलं जातं.

विसाव्या पायरीचे रंग काढता-घालता येतील असे ठेवा. अदलाबदल केली तरी गोफाची रुंदी, आटा, खाचा काहीच बदलत नाही, फक्त दोन रंग बाजू बदलतात. आजार व्हायला बहुधा आई आणि वडील दोघांकडूनही बदललेलं अक्षर यावं लागतं. एकाकडूनच आलं तर माणूस वाहक असतो, सहसा ठणठणीत, आणि गंभीर मलेरियापासून त्याला काही संरक्षणही मिळतं. म्हणून हा बदल आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा आणि भारत अशा, मलेरिया खूप असलेल्या भागांत टिकून राहिला. धर्म किंवा कातडीचा रंग पाहून तो ओळखता येत नाही. वर्गात हे शिकवताना कुणा मुलाच्या तपासणीच्या निकालाचा उल्लेख करू नये. ती माहिती त्या कुटुंबाची असते.

एवढ्या छोट्या तुकड्यात दोन फरक दिसले म्हणून सगळीकडे फरकच फरक आहेत असं वाटेल. तसं नाही, हा तुकडा मुद्दाम निवडलेला आहे. आईकडून आलेल्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात, वडिलांकडून आलेल्या संचातही तेवढीच. आपल्या प्रतिकृतीच्या प्रमाणात दोन्ही संच एकापुढे एक मांडले तर गोफ सुमारे दोन लाख किलोमीटर लांब होईल, म्हणजे पृथ्वीला पाच फेरे. कोणत्याही दोन माणसांचे गोफ शेजारी ठेवले तर सरासरी हजार अक्षरांमागे एक वेगळं सापडतं. प्रतिकृतीत हजार पायऱ्या म्हणजे ३४ मीटर. मुलांना मैदानात दोरीने ३४ मीटर मोजायला लावा आणि टोकाला एकच स्पोक वेगळ्या रंगाचा रोवा. टक्केवारीपेक्षा हे जास्त कळतं.

ते वेगळे स्पोक माणसामाणसांत वाटले कसे गेले आहेत? जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये रक्तगट आणि प्रथिनांच्या नोंदींवरून हिशेब मांडला. माणसांतल्या एकूण जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत सापडते, आणि ज्यांना वंश म्हटलं जात होतं त्या मोठ्या गटांमधला फरक जेमतेम ६ टक्के निघतो. पुढच्या डीएनए अभ्यासांतही चित्र साधारण असंच राहिलं. नांदेडच्या एकाच गल्लीतल्या, एकाच जातीच्या दोन शेजाऱ्यांत मानवी विविधतेचा मोठा हिस्सा असतो. याचा अर्थ समूहांत फरकच नाहीत असा नाही. हजारो जागा एकत्र पाहिल्या तर कुणाचे पूर्वज कुठले होते याचा अंदाज बांधता येतो. पण त्यासाठी हजारो जागा एकत्र पाहाव्या लागतात, एकेका अक्षरावरून ते क्वचितच सांगता येतं.

मुलांना स्वतःचा डीएनए डोळ्यांनी पाहता येतो, तोही प्रतिकृतीशेजारी ठेवावा. आधी साध्या पाण्याने चूळ भरून अन्नाचे कण काढायचे. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम मीठ विरघळवा. त्यातलं १० मिली तोंडात घेऊन मिनिटभर खळखळवा, गालांची आतली बाजू दातांनी हलके घासा आणि आपापल्या पारदर्शक पेल्यात थुंका. भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब घालून फेस न करता हळू ढवळा. साबणाने पेशींची स्निग्ध आवरणं फुटतात. मग पेला तिरका धरून कडेने २० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, शक्यतो ९० टक्क्यांच्या वरचं आणि बर्फात थंड केलेलं. पाच मिनिटांत दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू जमतात. त्यांत प्रथिनंही अडकलेली असतात, निव्वळ डीएनए नसतो.

तंतू दिसले नाहीत तर आधी पाणी बदला. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा परिणाम कमी होऊ शकतो, फिल्टरचं पिण्याचं पाणी घ्या.  एप्रिलच्या उन्हात अल्कोहोल कोमट झालं, तरी तंतू नीट जमत नाहीत. जोरात हलवलं तर धागे तुटून नुसता ढगाळपणा राहतो. जवळ दिवा किंवा शेगडी नको, अल्कोहोल पेट घेतं. एकाचा पेला दुसऱ्याने हाताळू नये, आणि पेल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या आधीच लावाव्यात, कारण नंतर तंतू पाहून कोणता पेला कुणाचा हे सांगता येत नाही.

शेवटी पाटी. ‘सर्व माणसं ९९.९ टक्के सारखी’ एवढंच लिहू नका. तो आकडा एकेका अक्षराच्या तुलनेचा आहे. गळालेले, वाढलेले किंवा पुन्हा पुन्हा आलेले मोठे तुकडेही धरले तर साम्य थोडं कमी भरतं. पाटीवर लिहा: ‘एकेक अक्षर ताडून पाहिलं, तर कोणत्याही दोन माणसांत हजारामागे सुमारे एक अक्षर वेगळं.’ खाली प्रमाण, १ नॅनोमीटर = १० सेंमी. आणि जनुकाचं नाव, बीटा ग्लोबिन.