फुप्फुसाचा कर्करोग आणि वारशाने आलेली जनुके : नमुना देण्यापूर्वी वाचा

चाचणीसाठी लाळ किंवा रक्त देण्याआधी हे पत्रक शांतपणे वाचावे, ही विनंती. जनुके किती बोलतात आणि कुठे गप्प बसतात हे ठाऊक नसेल, तर अहवालातला एखादा आकडा उगाच झोप उडवतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, खोटा दिलासा देतो.

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, तर आपला धोका साधारण दीडपट ते दुप्पट असतो. त्यातला काही वाटा एकाच घरातल्या धुराचा, काही जनुकांचा. जनुकांमध्ये सर्वांत भक्कम पुरावा आहे तो पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका जागेचा. २००८ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांचे बोट याच जागेवर पडले. तिथल्या सीएचआरएनए५ या जनुकावरून पेशीवरच्या निकोटिन-रिसेप्टरचा (तंबाखूतले निकोटिन जिथे जाऊन चिकटते त्या प्रथिनाचा) एक भाग घडतो. जनुकाची एक प्रत बदललेली असेल तर धोका सुमारे ३० टक्क्यांनी, दोन्ही बदललेल्या असतील तर सुमारे ८० टक्क्यांनी जास्त आढळला. असा बदल असलेल्यांना सिगारेटची तलफ अधिक असते आणि ती सोडणेही जड जाते. कधीच धूम्रपान न केलेल्यांत मात्र बहुतेक अभ्यासांना हा परिणाम दिसलेला नाही.

८० टक्के वाचून धस्स होते. पण म्हणजे दुप्पटही नाही. धूम्रपानाने हाच धोका १५ ते ३० पट होतो. म्हणून ‘बदल आढळला नाही’ असा अहवाल हाती पडला, तरी तो सिगारेट ओढण्याचा परवाना समजू नका. हे आम्ही प्रत्येकाला समोर बसवून सांगतो.

टीपी५३ किंवा ईजीएफआर या जनुकांतले काही वारसाबदल फार दुर्मीळ, पण खरोखर गंभीर आहेत. घरात अनेकांना, तेही तरुण वयात किंवा धूम्रपान न करता, कर्करोग झाला असेल, तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा.

एक गोंधळ नेहमी होतो. रुग्णाच्या गाठीच्या तपासणीत ‘ईजीएफआर’ किंवा ‘एएलके’ या जनुकांत बदल असल्याचे लिहून आले की मुले घाबरतात. हे बदल बहुतेक वेळा त्या गाठीतच घडलेले असतात, मुलांकडे जात नाहीत. अपवाद ईजीएफआर जनुकातल्या टी७९०एम या बदलाचा : तो उपचार सुरू होण्याआधीच दिसला, तर वारशाने आलेला आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

येताना घरात कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला आणि ती व्यक्ती धूम्रपान करत होती का, एवढे लिहून आणा.